निवळायला लागणारा वेळ

हार्लन स्ट्राउडला मी अकरा वर्षं पाण्यात पाहिलं. बर्फ नसेल तेव्हा दर मंगळवारी, हिवाळ्यात महिन्यातून एकदा. बाकीच्या बायका राग धरतात तो घरात बसून धरतात, नाहीतर चर्चमध्ये डोळे मिटून. मी माझा राग सहा मैल चालवत न्यायचे, टॅमरॅक ओढ्यावर स्ट्राउडच्या नावाने एक बाटली भरायचे आणि सहा मैल परत यायचे. नेमाने फिरवलेलं जनावर धडधाकट राहतं, तसा तो राहिला.

सुरुवात मात्र बेकर ओढ्यापासून करायला हवी. आमच्या गावाचं पिण्याचं पाणी बेकरमधून यायचं आणि त्या पाण्याची राखण माझा नवरा एनार करायचा. गावाच्या वर दोन मैलांवर ओढ्याला लहानसा बांध होता, बांधाला जाळी आणि जाळीमागे गावाचा नळ. रोज सकाळी जाऊन जाळीतली पानं नि काड्या काढायच्या, हे त्याचं काम. "सगळ्या गावाची कॉफी मी गाळून देतो," तो म्हणायचा, "आणि एक लेकाचा थँक्यू म्हणेल तर शपथ."

एकोणीसशे सत्तर साली गावच्या लाकडाच्या मिलने बेकरच्या वर लाकूड काढायला रस्ते कापले. डोंगराच्या उतारावर रस्ता करायचा म्हणजे एका बाजूने पोखरायचं आणि निघालेली माती दुसऱ्या बाजूला ढकलून भराव घालायचा. ओढा जिथे भरावाखालून जातो तिथे पाइप टाकतात. पाइप किती मोठा, हे मिलचा पाणीतज्ज्ञ ठरवायचा. तो हार्लन स्ट्राउड. त्याने कागदावर सही करून दिली की दोन फुटी पाइप पुरेल. बाहत्तरच्या मे महिन्यात वरचा बर्फ तीन दिवसांत वितळला, दोन फुटी पाइप पुरला नाही आणि सगळा भराव ओढ्यातून खाली आला. सकाळचे साडेसहा झाले होते. एनार जाळीपाशी होता.

मी तेव्हा स्वयंपाकघरात कॉफीसाठी पाणी घेत होते. नळातून चॉकलेटी पाणी आलं. एनार आल्यावर त्याला दाखवू, म्हणून मी ते लोणच्याच्या एका काचेच्या बरणीत भरलं आणि झाकण घट्ट लावून खिडकीत ठेवलं. एनार दुपारी सापडला. बरणी खिडकीतच राहिली. गाळ खाली बसून वरचं पाणी कधी निवळलं ते मला सांगता येणार नाही. त्या दिवसांत मी काहीच मोजत नव्हते.

ऑगस्टमध्ये बंबखान्यात चौकशी झाली. स्ट्राउड इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बोलणं असं गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. "डोंगरी ओढे वसंतात गढूळ होतातच," तो म्हणाला. "हा निसर्गातलाच गाळ आहे. तासाभरात खाली बसतो. नागरिकांनी पाणी भरून तासभर ठेवलं म्हणजे झालं. बेकर काही आज गढूळ झालेला नाही."

मी उठून उभी राहिले. "बेकर काचेसारखा होता," मी म्हटलं. "माझा नवरा तो सतरा वर्षं रोज बघत होता."

तो माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी कदाचित विसरले असते. "मिसेस ब्रेक्के, तुमच्या दुःखाची मला जाणीव आहे. पण बघणं वेगळं आणि मोजणं वेगळं. रस्त्याच्या आधी मोजलं होतं कुणी?"

कुणी मोजलं नव्हतं. 'देवाची करणी' असा शेरा मारून कागद बंद झाले. आमचे पाद्रीसुद्धा तो शेरा वाचून संतापले. म्हणाले, "देवाने पाइपाचं माप कधीपासून घ्यायला सुरुवात केली?"

महिन्याभराने मी बस पकडून विद्यापीठात गेले. तिथल्या प्रयोगशाळेत रोवेना आख्टरबर्ग नावाची बाई पाणी तपासायची. अंगाने दांडगी, तोंडात सतत सिगारेट, आणि जिभेला हाड नाही. मी तिला सांगितलं, मला बेकर मोजायचा आहे.

"आता काय उपयोग? तो मोडला," ती म्हणाली. "मोडलेला हात बघून तो आधी किती सरळ होता हे सांगता येतं का? शेजारच्याचा बघावा लागतो. शेजारचं खोरं कुठलं?"

"टॅमरॅक."

"खडक तोच? उतार तोच?"

"तोच. बर्फही तोच."

"रस्ता?"

"नाही. पायवाट आहे, तीही खेचराची."

तिने पहिल्यांदा सिगारेट खाली ठेवली. "मग तेच तुझं माप. ते मोज. जितकी वर्षं निघतील तितकी. आणि मिलला तिथे रस्ता नेऊ देऊ नकोस. नेला, तर या डोंगरात एकही ओढा उरणार नाही ज्याच्याकडे बोट दाखवून म्हणता येईल, की पाणी असं असतं."

बाटली भरायची कशी ते तिने मला तिथल्याच मोरीत शिकवलं. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं. आपले पाय कायम खालच्या अंगाला, म्हणजे आपण ढवळलेलं पाणी बाटलीत येत नाही. बाटली त्याच ओढ्याच्या पाण्याने तीनदा विसळायची, मग भरायची. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, शाई पसरते. आणि जे घडलं नाही ते कधीही लिहायचं नाही. आजारी पडलीस तर वहीत लिही, आजारी पडले. जागा कोरी सोड, पण भरू नकोस.

"ओढ्याच्या तोंडाशी भर," रोवेना म्हणाली होती, म्हणजे टॅमरॅक नदीला मिळतो तिथे. पण मी पहिल्यांदा गेले ती सप्टेंबरात, आणि तिथे थेंब नव्हता. नुसते गोटे. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पावसापर्यंत टॅमरॅक शेवटचा दीड मैल जमिनीखालून जातो. नकाशावर मात्र तिथे निळी रेघ आहे, बाराही महिने. मी तशीच दीड मैल वर गेले. एक सपाट काळा खडक लागला, तिथे पाणी होतं, आणि तीच माझी जागा ठरली.

मग टिली नावाचं एक खेचर घेतलं, कारण बाटल्या पाठीवर फुटायच्या. टिली मेल्यावर दुसरं घेतलं, तिचंही नाव टिलीच ठेवलं. एकदा अस्वल आडवं आलं, दोनदा पाय मुरगळला, एकदा निमोनिया झाला. वहीत सगळं आहे. चार मंगळवार कोरे आहेत. गावातले लोक मला 'बाटलीवाली' म्हणायला लागले. अनोळखी माणसाला वाटायचं, ही पिते. बर्फ वितळण्याचे दिवस सोडले तर टॅमरॅकच्या गढूळपणाचा आकडा अकरा वर्षांत दोनच्या वर गेला नाही. दर वेळी रोवेनाकडून आकडा आला की मी मनात म्हणायचे, हे घ्या मिस्टर स्ट्राउड, मोजलं.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात मिलने टॅमरॅकमध्ये रस्ता मागितला. त्याच वेळी राजधानीतली एक समिती ठरवत होती की कोणती खोरी कायमची राखीव रान म्हणून सोडायची. त्यांची सुनावणी आमच्या गावात बारा जुलैला ठरली. मिलचे कागद वाचनालयात ठेवले होते. मी ते वाचायला गेले, कारण पाणीतज्ज्ञ म्हणून खाली स्ट्राउडचं नाव होतं.

चौथ्या तक्त्यात ते सापडलं. टॅमरॅक ओढा, तोंडाशी. तारीख चौदा सप्टेंबर, एकोणीसशे ब्याऐंशी. गढूळपणा चाळीस. नमुना घेणारा, एच. स्ट्राउड, सही. खाली निष्कर्ष होता, की हा ओढा मुळातच गढूळ असल्यामुळे रस्त्याने त्याचं काही बिघडणार नाही.

चौदा सप्टेंबरला मंगळवार होता. मी त्या दिवशी तिथून गेले होते. टिलीच्या नालांचा आवाज त्या कोरड्या गोट्यांवर अजून माझ्या कानात होता.

मी कागदाची नक्कल घेऊन रोवेनाकडे गेले. तिने बाकीचे आकडे पाहिले, आपली बेकरची जुनी फाइल काढली, दोन्ही शेजारी ठेवले आणि एक शिवी घातली. "हे टॅमरॅकचं पाणीच नाही. हे बेकरचं आहे. त्या गृहस्थाला सहा मैल चालायचा कंटाळा आला, म्हणून रस्त्यावर गाडी थांबवून बेकरमधून बाटली भरली आणि वर टॅमरॅकची चिठ्ठी लावली."

ज्या पाण्याने एनारला गाडलं तेच पाणी त्याने माझ्या ओढ्याच्या नावावर खपवलं होतं.

"आजच समितीला पत्र टाक," रोवेना म्हणाली.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"पत्र टाकलं की ते त्याला विचारणार. तो म्हणणार, टंकलेखनाची चूक, तारीख जुलैची आहे. दुरुस्ती होणार आणि तो सुटणार. अकरा वर्षांपूर्वी सुटला तसाच. मला तो सगळ्यांसमोर, त्याच्याच तोंडून उघडा पडलेला हवा आहे."

"आणि तो बोललाच नाही तर? तो आकडा तसाच राहिला तर ओढा जाईल, बाई! तुझ्या सूडापायी आपलं माप जाईल!"

"बोलेल. त्याला बोलायला आवडतं."

"अल्विना, तुला ओढा वाचवायचा आहे की हार्लन स्ट्राउडला बुडवायचं आहे?"

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "आधी बुडवायचं आहे." रोवेनाने माझ्याकडे असं पाहिलं की मला मान फिरवावी लागली. पण पत्र मी टाकलं नाही, आणि तिलाही टाकू दिलं नाही.

सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत होती. मिलने अर्ध्या दिवसाची सुटी देऊन सगळे कामगार पाठवले होते, छातीवर पिवळ्या फिती लावून. रस्ता नको म्हणणाऱ्यांनी हिरव्या लावल्या होत्या. चर्चच्या बायका दारात कॉफी आणि हकलबेरीचे मफिन घेऊन बसल्या होत्या. तिथेच बक टॉलिव्हर भेटला. बक झाडं पाडायच्या टोळीचा मुकादम. पोट गाडीच्या चाकाएवढं. एनारबरोबर शिकारीला जायचा.

"काय अल्विना," तो म्हणाला, "आज आमच्या पोटावर पाय द्यायला आलीस म्हणे?"

"तुझ्या पोटावर पाय द्यायचा तर मला शिडी लागेल, बक."

तो खो खो हसला आणि मफिन माझ्या हातात कोंबून पिवळ्या फितीवाल्यांत जाऊन बसला. त्याचं मत पक्कं होतं. रस्ता हवा, काम हवं. मी त्याला दोष देत नाही. त्याला चार मुलं.

समितीच्या अध्यक्षांनी नियम सांगितले. प्रत्येकाला पाच मिनिटं. समोरच्या वक्त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, ते फक्त समिती विचारेल. आणि कुणाला आपली मिनिटं दुसऱ्या वक्त्याला द्यायची असतील तर देता येतील. हा शेवटचा नियम आमच्याकडच्या प्रत्येक सभेत असतो. नवरे आपली मिनिटं बायकोला देतात, म्हाताऱ्या पाद्र्याला देतात.

म्हणजे मला प्रश्न विचारता येणार नव्हते. मी दोन महिने घोकत होते ते सगळे प्रश्नच होते.

स्ट्राउड चौथा बोलला. केस पांढरे झाले होते, शर्टाची इस्त्री तशीच. फळ्यावर तक्ते लावून म्हणाला, "नमुना घेण्यात आला. आकडा चाळीस आढळून आला. ओढा मूलतः गढूळ असल्याचे निष्पन्न झाले." कुणी घेतला, कुठे उभं राहून घेतला, काही नाही. समितीने माना डोलावल्या, काही विचारलं नाही. साडेचार मिनिटांत तो खाली बसला. माझ्या शेजारून रोवेना पुटपुटली, "झालं? आता तुझे आकडे वाच. नीट वाच. निदान ते तरी नोंदवले जातील."

माझ्या मांडीवर अकरा वह्या होत्या. पाच मिनिटांत काय काय वाचायचं ते मी खुणा करून आणलं होतं. माझं नाव पुकारलं. मी ध्वनिक्षेपकापाशी गेले, आणि वह्या माझ्या हातात तशाच मिटलेल्या राहिल्या.

"मी अल्विना ब्रेक्के," मी म्हटलं. "मी काही शिकलेली नाही. आकडे वाचताना माझी गडबड होईल. माझ्यापेक्षा मिस्टर स्ट्राउड जाणते आहेत. चौथ्या तक्त्यावर त्यांची स्वतःची सही आहे, म्हणजे एवढा मोठा माणूस सहा मैल चालून गेला. टॅमरॅकचं तोंड समितीने पाहिलेलं नाही. ते कसं आहे, तिथे उभं राहून त्यांनी बाटली कशी भरली, हे त्यांनी सांगावं. माझी सगळी मिनिटं मी त्यांना देते."

व्यायामशाळेत कुजबूज झाली. रोवेनाने डोक्याला हात लावला. तिचंही बरोबरच होतं. तो बसल्या जागेवरून "आभारी आहे, नको" म्हणाला असता तर अकरा वर्षं पाण्यात गेली असती आणि ओढा मिलच्या घशात. तीन शब्दांचं काम होतं. मी त्याच्याकडे बघून हसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

तो उठला.

"मिसेस ब्रेक्केंचा मोठेपणा आहे," तो म्हणाला आणि कोटाचं बटण लावलं. "तोंडाशी एक प्रचंड सीडरचं झाड आहे. त्याच्या सावलीत मी उभा राहिलो. पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि काय सांगू, बर्फासारखं! दहा मिनिटांत पाय बधिर झाले. बाटली तीनदा विसळली, मिसेस ब्रेक्केंनाही पसंत पडेल अशी." थोडे लोक हसले.

"तारीख कोणती म्हणालात?" अध्यक्षांनी विचारलं, नुसतं टिपून घ्यायला.

"चौदा सप्टेंबर. मी स्वतः."

चारशे माणसं आणि एक खुर्ची करकरत नव्हती. स्ट्राउडला ती शांतता कौतुकाची वाटली असावी, कारण तो हसत उभा होता. मागून बक टॉलिव्हरचा आवाज आला.

"गुडघाभर पाणी? तिथे?"

"कृपया शांतता राखा," अध्यक्ष म्हणाले.

"राखतो, साहेब, पण एक मिनिट." बक उभा राहिला होता. पिवळी फीत छातीवर तशीच. "गेल्या सप्टेंबरच्या चौदा तारखेला धनुष्यबाणाच्या शिकारीचा मोसम चालू होता. त्या सीडरखाली ओढ्याच्या पात्रात माझा तंबू होता! मी तिथेच तंबू ठोकतो, दर वर्षी, कारण त्या मुलखात दुसरी सपाट जागा नाही. पिण्याचं पाणी दीड मैल वरून आणतो. तिथे बूट ओला करायचा तर मुतावं लागतं."

आणि मग सगळी व्यायामशाळा फुटली. पिवळ्या फिती आणि हिरव्या फिती, सगळे एकदम हसत होते. आमच्या गावात शिकार न करणारा पुरुष म्हणजे दोघंच, एक पाद्री आणि एक आंधळा. अध्यक्षांनी हातोडी आपटली आणि विचारलं, सप्टेंबरात ती जागा कुणी पाहिली आहे? हात वर झाले. समितीचा माणूस मोजायला लागला आणि ऐंशीवर थांबला.

"मिस्टर स्ट्राउड?" अध्यक्ष म्हणाले.

स्ट्राउडचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "शक्य आहे," तो म्हणाला. "जागेच्या नावात कारकुनी चूक असेल. नमुना कदाचित दुसऱ्या कुणी..."

"मग गुडघे कुणाचे भिजले, हार्लन?" बकने विचारलं.

स्ट्राउड खाली बसला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे मिलचे साहेब आपापल्या खुर्च्या थोड्या सरकवून बसले. मी ते डोळे भरून पाहिलं.

लोक म्हणतात, सूड घेतल्यावर माणूस आतून रिकामा होतो. मी काही झाले नाही. मला सडकून भूक लागली. मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून दोन मफिन खाल्ले.

स्ट्राउड तिथेच माझ्यासमोर आला. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"मे महिन्यापासून."

"एक पत्र टाकलं असतंत तर मी दुरुस्त केलं असतं."

"म्हणूनच नाही टाकलं," मी म्हटलं.

रोवेना माझ्याशी पुढे सहा आठवडे बोलली नाही. ओढा माझा एकटीचा नव्हता आणि मी तो एकटीने डावावर लावला होता, हे तिचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. सुनावणीचा मंगळवार वहीत कोरा आहे. चारचे पाच झाले.

पुढल्या वर्षी कायदा झाला. टॅमरॅकचं सगळं खोरं राखीव रान ठरलं. रस्ता नाही, चाक नाही, करवत नाही, कधीच नाही. कायद्याच्या कागदात कारण दिलं होतं, की आजूबाजूच्या ओढ्यांचं पाणी किती बिघडलं ते या ओढ्याशी ताडून पाहता यावं. ती ओळ मी एनारच्या थडग्यापाशी जाऊन वाचली. दोनदा वाचली, कारण तो एका कानाने जरा बहिरा होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, एका बुधवारी दुपारी, स्ट्राउड माझ्या दाराशी आला. मिलने त्याला काढलं होतं. परवाना देणाऱ्या मंडळापुढे त्याचं प्रकरण होतं. त्याला माझ्याकडून एक पत्र हवं होतं, की त्याने ते मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. मजकूर त्याने टंकून आणला होता, फक्त सही करायची.

"मी सत्तरीला आलो, मिसेस ब्रेक्के," तो म्हणाला. "चाळीस वर्षांचं नाव आहे माझं. तुमच्या एका सहीने ते वाचेल."

"आत या," मी म्हटलं. "बसा."

आमच्याकडे आलेल्याला पाणी विचारतात. मी पेला काढला. खिडकीतली बरणी घेतली. तळाशी बोटभर गाळ होता आणि वर पाणी, आरशासारखं. बारा वर्षं ती कुणी हलवली नव्हती, पुसतानासुद्धा मी आजूबाजूने पुसायचे. मी ती दोन्ही हातांत धरून गदगदा हलवली. झाकण उघडायला सुरीचं टोक लागलं. पेला भरून त्याच्यासमोर ठेवला. पाणी त्या सकाळी होतं तसंच चॉकलेटी होतं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं, पण त्याला कळलं होतं.

"बेकरचं आहे. मे बाहत्तर, सकाळी साडेसहा. निसर्गातलाच गाळ आहे, तुम्ही म्हणाला होतात. तासाभरात बसतो." मी त्याचं पत्र घेतलं, पेल्याशेजारी ठेवलं आणि त्यावर पेन्सिल ठेवली. "आता सव्वादोन झालेत. हे निवळलं की मी सही करते."

तो पेल्याकडे बघत राहिला. इतका बारीक गाळ किती वेळ तरंगतो हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी तो बसला. मी समोर बटाटे सोलत बसले. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. मध्ये एकदा त्याने डोळे पुसले. मी बटाटे सोलत राहिले. सव्वातीनला त्याने पेला खिडकीच्या उजेडाकडे सरकवून पाहिला. पलीकडचं काही दिसत नव्हतं. त्याने पत्राची घडी केली, खिशात घातली, टोपी उचलली आणि गेला.

पेला मी तिथेच ठेवला. येता-जाता बघत होते. गुरुवारी पाणी निवळलं नाही, शुक्रवारी नाही. रविवारी सकाळी चर्चला जायच्या आधी पाहिलं, तर पेल्यातून खिडकीची चौकट स्वच्छ दिसली. मी वही काढली आणि पेन्सिलीने लिहिलं, बेकर, निवळायला तीन दिवस आणि एकोणीस तास. मोजलं होतं का, असं कुणी विचारलंच, तर असावं.